न्यूरॉनमधली बेरीज बदलायचीय? अ‍ॅग्रिगेशन फंक्शन आणि फझी लॉजिकमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

एमटेकचा प्रोजेक्ट असो नाहीतर पीएचडीचा सिनॉप्सिस, गाईड म्हणतात "न्यूरो-फझीमध्ये काहीतरी बघ" आणि न्यूरल नेटवर्क व फझी लॉजिक यांची सांगड घालायचा विषय गळ्यात पडतो. मग शोधायला बसलं की एकीकडे टी-नॉर्म, युनिनॉर्म, शोके इंटिग्रल असली नावं, दुसरीकडे पायटॉर्चची ट्युटोरियल्स, आणि या दोन्हींचा एकमेकांशी संबंध काय ते कुणी सांगतच नाही. मी याच वाटेने गेलोय, म्हणून कुठल्या क्रमाने गेलात तर डोक्याला ताप कमी होईल ते इथे लिहितोय. गणित फार लागत नाही, पार्शल डेरिव्हेटिव्ह काढता आलं आणि चेन रूल आठवत असला की झालं.

सुरू करण्याआधी जमवून ठेवा:

- पायथन, नमपाय आणि पायटॉर्च. स्वतःच्या लॅपटॉपवर जमत नसेल तर गूगल कोलॅब पुरे, सुरुवातीच्या प्रयोगांना जीपीयू लागतच नाही.
- सायकिट-फझी ही लायब्ररी, पण फक्त मेंबरशिप फंक्शनचे (एखादी गोष्ट एखाद्या गटात शून्य ते एकपैकी किती बसते ते सांगणारं फंक्शन) आलेख काढून बघायला. ट्रेनिंगसाठी तिच्यावर विसंबू नका, तिच्यात बॅकप्रोपगेशन (चूक मागे पाठवून वेट सुधारण्याची पद्धत) नाही.
- एक छोटा डेटासेट (फुलांच्या मापांचा आयरिस चालेल) आणि एक जरा मोठा.
- कॉलेजच्या लायब्ररीतून आयट्रिपलईचे पेपर उघडतात का ते आत्ताच बघून घ्या. नसेल तर बऱ्याच पेपरच्या मोफत प्रती आर्काइव्ह (arXiv) या साइटवर किंवा लेखकांच्या पानावर मिळतात.
- वही आणि पेन. गंमत नाही, दोन-तीन इनपुटची उदाहरणं हाताने सोडवल्याशिवाय हा विषय कळत नाही.

१. फझी बाजूला ठेवा, आधी बेरीज कुठे कुठे होते ते शोधा

१९४३ मध्ये मॅक्युलक आणि पिट्स यांनी न्यूरॉनचं पहिलं गणिती मॉडेल मांडलं तेव्हापासून आपण तेच करतोय, इनपुट गोळा करा, बेरीज करा, ठराविक पातळी ओलांडली का बघा. पुढे वेट आले, सिग्मॉइड आलं, रेलू आलं, पण मधली बेरीज तशीच राहिली. अ‍ॅग्रिगेशनवाल्यांचा प्रश्न एवढाच असतो की इथे बेरीजच का?

त्यामुळे कुठलंही नेटवर्क समोर आलं की एकच गोष्ट शोधायची, अनेक आकड्यांचा एक आकडा कुठे होतोय. यालाच अ‍ॅग्रिगेशन म्हणतात. साध्या न्यूरॉनमध्ये होतो. सीएनएनच्या (चित्रांसाठीचं नेटवर्क) पूलिंगमध्ये होतो, तिथे मॅक्स किंवा अ‍ॅव्हरेज. अटेंशनमध्ये होतो, कारण सॉफ्टमॅक्समधून आलेल्या वेट्सची बेरीज एक येते म्हणजे ती शेवटी वेटेड सरासरीच. चार-पाच मॉडेल्सचं आउटपुट एकत्र करता तेव्हा होतो. आणि ग्राफ न्यूरल नेटवर्कमध्ये तर सगळा खेळच त्याच्यावर आहे.

ग्राफवालं उदाहरण वहीत करून बघा. एका नोडचे शेजारी अ, ब असे दोन, दुसऱ्या नोडचे अ, अ, ब, ब असे चार. सरासरी काढली तर दोन्हीकडे सारखी, मॅक्स काढलं तरी सारखं, बेरीज मात्र वेगळी येते. म्हणजे सरासरी किंवा मॅक्स घेणाऱ्या नेटवर्कला हे दोन नोड वेगळे आहेत हे इथे कळणारच नाही, पुढे कितीही लेयर लावा. ग्राफ नेटवर्कची ताकद मोजणारा २०१९ चा एक गाजलेला पेपर याच मुद्द्यावर उभा आहे. अ‍ॅग्रिगेशन निवडणं म्हणजे कुठली माहिती फेकून द्यायची ते ठरवणं, हे इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही, म्हणून मी नव्या माणसाला आधी हेच दाखवतो.

२. व्याख्या पाठ करा आणि लगेच मोडून बघा

इनपुट शून्य ते एकमधले. अ‍ॅग्रिगेशन फंक्शन म्हणायला दोन अटी. सगळे इनपुट शून्य तर उत्तर शून्य आणि सगळे एक तर उत्तर एक, ही पहिली. दुसरी मोनोटोनिसिटीची, म्हणजे कुठलाही इनपुट वाढवला तर उत्तर कमी व्हायला नको. बस.

मग चार घराणी. मिनिमम आणि मॅक्सिममच्या मध्ये राहणारी ती सरासरीवाली. मिनिममपेक्षा कधीच वर न जाणारी ती 'आणि' सारखी. मॅक्सिममपेक्षा कधीच खाली न येणारी ती 'किंवा' सारखी. आणि कधी अशी कधी तशी वागणारी ती मिश्र, युनिनॉर्म त्यातलाच (पाचव्या भागात येईल). समोर नवीन फंक्शन आलं की आधी त्याचं घराणं ओळखायचं.

आता इथला पहिला खड्डा. नेहमीचा न्यूरॉन हा या व्याख्येत बसत नाही. वेट निगेटिव्ह असू शकतात, मग इनपुट वाढवल्यावर उत्तर उतरतं. "आम्ही बेरजेच्या अ‍ॅग्रिगेशन फंक्शनला अमुक अ‍ॅग्रिगेशन फंक्शनने बदललं" असं पेपरमध्ये बिनधास्त लिहिलं तर रिव्ह्यूअर नेमकं तिथेच बोट ठेवतो.

दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. इनपुटवरच सॉफ्टमॅक्स लावून वेट काढायचे आणि वेटेड सरासरी घ्यायची, ही पद्धत बरेच जण मॅक्सचं गुळगुळीत रूप म्हणून वापरतात. बीटा (सॉफ्टमॅक्सआधी इनपुटला ज्याने गुणायचं तो आकडा) १० ठेवा आणि इनपुट घ्या ०.९ आणि ०.५, उत्तर येतं साधारण ०.८९३. आता ०.५ चं ०.६ करा, उत्तर ०.८८६. इनपुट वाढला आणि उत्तर उतरलं! बीटा १ असेल तर शून्य-एकच्या पट्ट्यात हे होत नाही, बीटा वाढवला की होतं. वाईट आहे असं नाही, नेटवर्क शिकतं व्यवस्थित, पण मग त्याला मोनोटोन म्हणू नका. स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या विद्यापीठातल्या गटाने २०१५ च्या सुमारास मोनोटोनिसिटीची अट सैल करून प्री-अ‍ॅग्रिगेशन फंक्शन नावाचा प्रकार मांडायला घेतला, सगळ्या दिशांनी नाही तर ठराविक दिशेने वाढ झाली तरी चालेल असा. तुमचं फंक्शन पक्क्या अटीत बसत नसेल तर तिकडचं साहित्य बघा, कामाचं आहे.

३. फझी म्हणजे प्रोबॅबिलिटी नव्हे, हे एकदाचं मिटवून टाका

लोत्फी झादेह यांनी १९६५ मध्ये फझी सेट मांडले. मुद्दा साधा. "आज पाऊस पडण्याची शक्यता ०.७" ही प्रोबॅबिलिटी, उद्या सकाळी कळेल पडला की नाही. "आजचा पाऊस ०.७ इतका जोरदार" हे मेंबरशिप, पाऊस पडून गेला, मोजूनही झाला, तरी ०.७ तसाच राहतो. व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो आणि सॉफ्टमॅक्सच्या आउटपुटला मेंबरशिप म्हणणारे विद्यार्थी तिथेच अडकतात.

बाकी मग 'आणि' साठी टी-नॉर्म, 'किंवा' साठी टी-कोनॉर्म. ०.९ आणि ०.६ घ्या: मिनिमम ०.६ देतो, गुणाकार ०.५४, लुकासिएविच (बेरीज वजा एक, निगेटिव्ह आलं तर शून्य) ०.५ देतो. तिन्ही बरोबरच आहेत. कंट्रोलच्या कामात, म्हणजे लंडनला ममदानींनी सत्तरच्या दशकात वाफेच्या इंजिनावर केलेले प्रयोग किंवा १९८७ ला सुरू झालेली जपानमधली सेंदाई मेट्रो, तिथे नियम माणसाने लिहिलेले असायचे त्यामुळे कुठला टी-नॉर्म घेतला याने फार बिघडत नसे. आपल्याला त्यातून ग्रेडियंट (वेट सुधारायला लागणारं डेरिव्हेटिव्ह) मागे पाठवायचाय, म्हणून आपल्याला फार बिघडतं.

४. ग्रेडियंटची परीक्षा घ्या, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

फंक्शन लॉजिकच्या दृष्टीने कितीही सुंदर असू दे, त्यातून ग्रेडियंट मागे जात नसेल तर नेटवर्क शिकणार नाही. माझ्या मते या क्षेत्रातले अर्धे फसलेले प्रयोग इथेच फसतात आणि लोक उगाच लर्निंग रेट बदलत बसतात.

मिनिमम आणि मॅक्सिमम: ग्रेडियंट फक्त जिंकलेल्या एका इनपुटला मिळतो, बाकीच्यांना शून्य. पूलिंगमध्ये हे खपतं कारण खिडकी छोटी असते. शंभर इनपुटवर मिनिमम लावलात तर नव्याण्णव इनपुट त्या फेरीत काहीच शिकत नाहीत.

गुणाकार: ग्रेडियंट सगळ्यांना मिळतो पण बाकीच्यांच्या गुणाकाराइतका. ०.९ चे २० इनपुट गुणले की ०.१२ होतं, ५० गुणले की ०.००५. सगळे इनपुट चांगले उंच असूनही उत्तर जवळपास शून्य! उपाय असा की गुणाकार करूच नका, लॉगची बेरीज करा आणि शेवटपर्यंत लॉगमध्येच रहा.

लुकासिएविच: ०.९ चे १० इनपुट घेतले की उत्तर थेट शून्यावर येतं आणि अकरावा घातला की सपाट भागात आत घुसता, तिथे ग्रेडियंटही शून्य. रँडम इनिशियलायझेशनमध्ये इनपुट ०.५ च्या आसपास असतात, म्हणजे दोन-तीनच इनपुट पुरतात अडकायला. नेटवर्क पहिल्या इपॉकपासून मेलेलं आणि लॉसचा आलेख सरळ रेषेत, असं दिसलं तर आधी हे तपासा.

मग वापरायचं काय? सुरुवातीला पॉवर मीन घ्या: प्रत्येक इनपुटचा पी-वा घात, त्यांची सरासरी, त्याचं पी-वं मूळ. पी एक असताना साधी सरासरी, पी वाढवत नेला की हळूहळू मॅक्सकडे सरकतं, म्हणजे एकाच बटणावर 'किंवा' किती कडक हवा ते ठरतं. 'सगळ्यांसाठी' असा नियम हवा असेल तर इनपुट एकातून वजा करा, पॉवर मीन घ्या आणि उत्तर परत एकातून वजा करा. लॉजिकचे नियम नेटवर्कमध्ये बसवणारे लॉजिक टेन्सर नेटवर्कवाले हेच करतात. पण सांभाळा, सगळे इनपुट शून्य झाले की मुळाचं डेरिव्हेटिव्ह अनंताला जातं आणि पायटॉर्च शांतपणे 'नॅन' (आकडाच नाही असं उत्तर) देऊन मोकळा होतो. इनपुटला शून्यापासून अगदी जरासं वर ढकलायचं, एप्सिलॉन ०.०००१ वगैरे, आणि ते ढकलणं पॉवर मीनच्या आधी करायचं, नंतर नाही. नंतर करून काही उपयोग नाही, ग्रेडियंट तोवर बिघडलेला असतो.

सवय लावून घ्या, नवीन फंक्शन लिहिलं की ट्रेनिंगला लावण्याआधी तीन टोकांवर ग्रेडियंट छापून बघायचा: सगळे इनपुट शून्याजवळ, सगळे एकाजवळ, आणि सगळे एकसारखे. पाच मिनिटांचं काम आहे.

५. सिग्मॉइडमध्ये लपलेला युनिनॉर्म बघून घ्या

हा भाग लोक वगळतात आणि मला वाटतं सगळ्यात मजेशीर हाच आहे. अ आणि ब या दोन आकड्यांसाठी हे सूत्र घ्या: वर अ×ब, खाली अ×ब + (१−अ)×(१−ब). ०.८ आणि ०.७ घाला, ०.५६ भागिले ०.६२, म्हणजे ०.९०. दोघंही होकाराकडे झुकलेले तर एकत्र उत्तर दोघांपेक्षा जास्त ठाम. ०.२ आणि ०.३ घाला, ०.१०, दोघंही नकाराकडे तर नकार पक्का. ०.८ आणि ०.२ घाला, बरोब्बर ०.५. गावात एखादी बातमी दोन वेगळ्या माणसांकडून ऐकली की आपला विश्वास जसा वाढतो तसंच.

आता वहीत करून बघा, सिग्मॉइड लावलेल्या दोन संख्या या सूत्राने एकत्र केल्या की जे येतं ते आणि त्या दोन संख्यांची आधी बेरीज करून मग सिग्मॉइड लावलं की जे येतं ते एकच असतं. म्हणजे बेरीज-आणि-सिग्मॉइड वाला आपला जुना न्यूरॉन मुळातच एक युनिनॉर्म चालवत होता, आणि ०.५ हा त्याचा तटस्थ बिंदू, म्हणजे ०.५ सोबत घेतला तर दुसरा आकडा तसाच राहतो. १९९७ मध्ये बेनितेझ, कास्त्रो आणि रेकेना यांनी याच धाग्याने दाखवलं की साधं मल्टिलेयर नेटवर्क हे फझी नियमांचा संच म्हणून वाचता येतं. "न्यूरल आणि फझी एकत्र आणण्याची गरज काय" असं कुणी विचारलं तर तोफगोळा म्हणून हे जवळ ठेवा.

६. ओडब्ल्यूए आधी, शोके नंतर

ओडब्ल्यूए, म्हणजे क्रम लावून घेतलेली वेटेड सरासरी, रोनाल्ड येगर यांनी १९८८ मध्ये आणलं. वेट इनपुटला नाही, क्रमांकाला. इनपुट ०.२, ०.९, ०.५ आणि वेट ०.६, ०.३, ०.१. साधी वेटेड सरासरी ०.४४. ओडब्ल्यूएमध्ये आधी उतरत्या क्रमाने लावा, ०.९, ०.५, ०.२, मग वेट लावा: ०.७१. सगळं वजन पहिल्याला दिलं तर मॅक्स, शेवटच्याला दिलं तर मिनिमम, समान वाटलं तर सरासरी, त्यामुळे पूलिंगच्या जागी ठेवायला एकदम सोयीचं आणि कोणतं पूलिंग हवं ते नेटवर्क स्वतः शिकतं. वेट पॉझिटिव्ह आणि बेरीज एक ठेवायला मोकळ्या पॅरामीटरवर सॉफ्टमॅक्स लावा. सॉर्टिंगमधून ग्रेडियंट जातो का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो, तर जातो, पायटॉर्चचं सॉर्ट क्रम लक्षात ठेवून ग्रेडियंट योग्य जागी परत पाठवतं.

शोके इंटिग्रल याच्या पुढची पायरी. इथे वेट एकेका इनपुटला नाही तर इनपुटच्या प्रत्येक गटाला, त्याला फझी मेजर म्हणतात (शब्द सुगेनोंचा, १९७४). समजा तीन मॉडेल आहेत, क आणि ख एकाच डेटावर शिकलेली म्हणजे जवळपास एकच मत देणारी, ग वेगळ्या डेटावर. मेजर असं ठेवा: क ०.५, ख ०.५, ग ०.४, क-ख मिळून फक्त ०.६, क-ग ०.९, ख-ग ०.९, तिघं १. आता गुण क ०.९, ख ०.८, ग ०.३ असतील तर चढत्या क्रमाने पायऱ्या मोजायच्या: ०.३ पर्यंत तिघंही आहेत म्हणून ०.३×१, पुढच्या ०.५ च्या पायरीवर फक्त क-ख म्हणून ०.५×०.६, शेवटच्या ०.१ वर एकटा क म्हणून ०.१×०.५. एकूण ०.६५. आता ख आणि ग चे गुण अदलाबदल करा, ख ०.३, ग ०.८. पुन्हा मोजा, ०.८०. साधी सरासरी दोन्ही वेळा ०.६७ च्या आसपास, तिला काही फरकच कळत नाही. स्वतंत्र साक्षीदारांनी एकमत केलं तर त्याला जास्त किंमत, हे शोकेला कळतं.

खड्डा: गटांची संख्या. तीन इनपुटला ठरवायचे आकडे सहा, दहा इनपुटला १०२२, आणि गट मोठा झाला की मेजर कमी होता कामा नये या अटी दहा इनपुटला ५१२०. वीस-तीस इनपुटवर सरळ शोके लावायचं स्वप्न सोडा. के-अ‍ॅडिटिव्ह मेजर वापरून फक्त जोड्यांपर्यंतच संबंध धरा, किंवा शोके फक्त शेवटच्या टप्प्यावर, तीन-चार मॉडेल एकत्र करायला ठेवा. मी दुसरा मार्ग सुचवेन.

७. तयार न्यूरो-फझी आर्किटेक्चर: दोनच नीट शिका

एनफिस (जँग, १९९३) सगळीकडे दिसतं, पाच लेयरचं, ताकागी-सुगेनो नियमांवर (ज्यांच्या शेवटी इनपुटचं रेषीय सूत्र असतं) बांधलेलं. धोका नियमांच्या संख्येत. आयरिसला चार फीचर, प्रत्येकाला तीन मेंबरशिप फंक्शन दिली आणि सगळ्या जोडण्या घेतल्या की ८१ नियम, प्रत्येक नियमाच्या शेवटी पाच पॅरामीटर म्हणजे ४०५, शिवाय मेंबरशिपच्या बारा बेल फंक्शनचे प्रत्येकी तीन म्हणजे ३६. डेटा किती? १५० फुलं. अचूकता ९८ टक्के आली म्हणून नाचण्याआधी हा हिशोब करा. दहा फीचरला हेच ५९,०४९ नियम होतात. ग्रिड सोडा, डेटाचं क्लस्टरिंग करून मोजकेच नियम ठेवा.

दुसरं फझी मिन-मॅक्स नेटवर्क, पॅट्रिक सिम्पसन यांचं, १९९२. प्रत्येक वर्गासाठी हायपरबॉक्स (अनेक मितींमधला चौकोनी डबा), एक मिन बिंदू आणि एक मॅक्स बिंदू. नवीन नमुना आला की बॉक्स वाढवा, दुसऱ्या वर्गाच्या बॉक्सवर चढला का बघा, चढला तर आकसा. बॅकप्रोपगेशन नाही, डेटातून एकदाच फिरलं तरी शिकतं. आपल्याकडे या घराण्यावर खरंच काम झालंय, नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी इंजिनिअरिंग कॉलेजमधून बॉक्सच्या जागी रेषाखंड आणि गोल वापरणारी हायपरलाइन सेगमेंट आणि हायपरस्फिअर नेटवर्क आली. मराठवाड्यात बसून हे करताय तर संदर्भ घरातच आहे.

यात दोन गोष्टी सांभाळा. डेटा शून्य ते एकमध्ये आणताना मिनिमम-मॅक्सिमम फक्त ट्रेनिंग सेटचे घ्या, टेस्टचे मिसळले की निकाल फुगतो. आणि नमुने कुठल्या क्रमाने दिले त्यावर बॉक्स बदलतात, म्हणून क्रम ढवळून अनेकदा चालवा.

८. प्रयोग लावताना

फार नाही, चारच गोष्टी. बेसलाइनमध्ये बेरीज, सरासरी आणि मॅक्स तिन्ही हवेतच. पॅरामीटरची संख्या दोन्हीकडे सारखी ठेवा, नाहीतर फायदा फंक्शनचा की जास्तीच्या पॅरामीटरचा ते कळत नाही. वेगवेगळ्या रँडम सीडवर चालवून सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन द्या. बऱ्याच डेटासेटवर दोन पद्धतींची तुलना असेल तर विलकॉक्सनची साइन्ड रँक टेस्ट लावा, दोनपेक्षा जास्त पद्धती असतील तर फ्रीडमन.

आणि "इंटरप्रिटेबल" हा शब्द जपून. ४०० नियम छापून दाखवले म्हणजे ते माणसाला समजले असं होत नाही. निदान तीन-चार नियम मराठीत, हो मराठीत, वाचून दाखवता आले आणि त्या विषयातल्या माणसाने मान डोलावली तर म्हणा.

९. पाठवायचं कुठे

गणिती गुणधर्म सिद्ध केले असतील तर फझी सेट्स अँड सिस्टिम्स, प्रयोग आणि पद्धत जड असेल तर आयट्रिपलईचं फझी सिस्टिम्सवालं ट्रान्झॅक्शन. दोन्हीकडे वाट बघावी लागते, म्हणून पहिला पेपर कॉन्फरन्सला टाका. सम वर्षांत डब्ल्यूसीसीआय ही मोठी एकत्र कॉन्फरन्स भरते, तिच्यात न्यूरलवाली आयजेसीएनएन आणि फझी-आयट्रिपलई एकाच छताखाली असतात, दोन्ही बाजूंचे लोक भेटतात. विषम वर्षांत फझी-आयट्रिपलई वेगळी होते, २०१३ ला तर ती हैदराबादला होती. सबमिट करताना ट्रॅक निवडायचा असतो, तिथे विचार करा: फंक्शन नवीन असेल तर फझीकडे, फंक्शन जुनं पण नेटवर्कमध्ये नव्याने बसवलं असेल तर न्यूरलकडे. न्यूरलच्या रिव्ह्यूअरला टी-नॉर्मची व्याख्या अर्ध्या पानात द्यावी लागते आणि फझीच्या रिव्ह्यूअरला बॅकप्रोपगेशन समजावत बसलात तर तो चिडतो.